भरती थांबवलेल्या पाणथळीत: बीसबॉसच्या सफरीचा माझा अनुभव

रॉटरडॅमच्या आमच्या घरी नळाला येणारे पाणी मूळचे मास नदीचे असते; मात्र शुद्धीकरण केंद्रात जाण्यापूर्वी ते बीसबॉस या पाणथळ प्रदेशातील तीन विस्तीर्ण जलाशयांत काही महिने साठवून निवळू दिले जाते. बाबांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी लगेच तो प्रदेश पाहण्याची इच्छा व्यक्त केली. त्यांचे बालपण अलिबाग तालुक्यातील खारेपाटात गेले. खाडीचे पाणी बांधापलीकडे थोपवून मिळवलेल्या जमिनीवर भात पिकवणाऱ्या घरातले ते असल्यामुळे, पवनचक्क्या आणि ट्यूलिपच्या बागांपेक्षा हॉलंडचे बांध आणि उघाड्या, म्हणजे बांधातून पाणी सोडायचे-अडवायचे दरवाजे, पाहण्यात त्यांना अधिक रस होता.

सफर ठरवण्यातच थोडी मेहनत आहे, म्हणून ती आधी सांगतो. बीसबॉस हे १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात जाण्याच्या वाटा अनेक आहेत. डॉर्द्रेख्त, द्रिमेलेन आणि वेर्केन्दाम अशा तीन बाजूंनी बोटी सुटतात, आणि बोटीची फेरी व संग्रहालय एकाच ठिकाणी हवे असेल तर वेर्केन्दामच्या बाजूचे संग्रहालयाचे बेट निवडावे लागते. तेथे सार्वजनिक वाहनाने थेट पोहोचणे सोपे नसल्याने आम्ही गाडी भाड्याने घेतली. बोटीवरील माहिती बहुधा डच भाषेत दिली जाते, ही बाब आगाऊ विचारून घ्यावी. आम्ही तसे कळवल्यावर मार्गदर्शक प्रत्येक थांब्यावर इंग्रजीतही थोडक्यात सांगतील असे उत्तर आले, आणि बाबांसाठी मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. फेरी सकाळची घ्यावी आणि संग्रहालय नंतर पाहावे, असे मी आता सगळ्यांना सांगतो. पाणी, वेत, विलोची झाडे आधी डोळ्यांखालून गेलेली असली, की दालनातील प्रत्येक वस्तूला जागा मिळते.

डॉर्द्रेख्त शहर मागे टाकल्यावर कॉप फान ट लांड येथे रस्ता नदीत उतरतो आणि तेथून गाड्या, सायकली व माणसे एकाच तरीतून पलीकडे नेली जातात. ही निऊवे मेर्वेदे नदी एकोणिसाव्या शतकात माणसांनी खोदून काढलेली आहे, हे तरीत उभे असताना मी सांगितले, तेव्हा बाबा बराच वेळ दोन्ही काठांकडे आळीपाळीने पाहत राहिले. ‘एवढी नदी खणली म्हणतोस?’ एवढेच ते म्हणाले.

बोट विजेवर चालणारी होती, त्यामुळे वेतातून सरकताना पाण्याचा आणि पक्ष्यांचा आवाज स्पष्ट येत होता. मार्गदर्शक बाई साठीच्या पुढच्या, या भागातच वाढलेल्या होत्या. मुख्य प्रवाह सोडून बोट एका अरुंद फाट्यात शिरली, तेव्हा दोन्ही बाजूंना विलोची ताटी आणि त्याखाली गुलाबी फुलांनी डवरलेली उंच झुडपे दिसू लागली. आईने फूल पाहताच ‘हा तर तेरडा!’ असे म्हटले. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता, आणि कोकणात गौरीसाठी तेरडा शोधायचे दिवस जवळ आलेले. मी बाईंना विचारले. तो खरोखरच तेरड्याच्या कुळातला असून मूळचा हिमालयाचा आहे, बागेसाठी युरोपात आणला गेला आणि नदीकाठांनी पसरत सुटला, असे त्यांनी सांगितले. आईला त्याचे कौतुक वाटले. बाईंना मात्र त्याची चिंता होती, कारण खाजकुइलीसारखी आग करणारी नेटल आणि हा तेरडा मिळून काठावरील मूळच्या वनस्पतींना जागा ठेवत नाहीत. ही वाढ इतकी बेसुमार का झाली, याचे उत्तर पाण्यातच होते, आणि ते बाबांनी स्वतःहून काढले.

आम्ही निघालो तेव्हा धक्क्याच्या एका खांबावर ओल जिथपर्यंत होती तिथपर्यंतच ती पुढच्या फाट्यांतील खांबांवरही होती. बाबांनी ते हेरले होते. ‘समुद्राला लागून असलेले पाणी, आणि भरती-ओहोटीची खूण हातभरही नाही. याला उघाडी कुठे घातली आहे ते विचार,’ असे त्यांनी मला सांगितले. प्रश्न पोहोचताच बाई बोट थांबवून बोलू लागल्या. १९५३ च्या फेब्रुवारीत आलेल्या महापुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे दगावली; त्यानंतर नैर्ऋत्येकडील खाड्यांची तोंडे बंद करण्याचा डेल्टा प्रकल्प हाती घेतला गेला, आणि १९७० मध्ये हारिंगव्लीट खाडीवरील बंधारा पूर्ण झाला. त्या बंधाऱ्याला १७ दरवाजे आहेत. बाबांची उघाडी ती हीच. तोपर्यंत बीसबॉसमध्ये दिवसातून दोनदा सुमारे दोन मीटर पाणी चढत-उतरत असे, आणि तेही गोडे पाणी, कारण समुद्राची भरती नदीचेच पाणी मागे रेटत येई. आता रॉटरडॅमच्या उघड्या जलमार्गाने वळसा घालून जेवढी भरती पोहोचते तेवढीच, म्हणजे बहुतेक ठिकाणी वीस-तीस सेंटिमीटर उरली आहे. पूर्वी दिवसातून दोनदा बुडणारे काठ कोरडे राहू लागले आणि तेरड्याला रान मोकळे झाले.

बाबांनी यावर जे म्हटले ते मी शब्दशः भाषांतर करून बाईंना सांगितले: आमच्याकडे बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरून काही वर्षे भात होत नाही, म्हणून दरवाजा बंद ठेवणाऱ्याला मी दोष देणार नाही. बाईंनी मान डोलावली. त्यांचे वडीलही १९५३ च्या पुराबद्दल बोलताना असेच म्हणत, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितले, की २०१८ च्या नोव्हेंबरपासून हे दरवाजे भरतीच्या वेळीही थोडे किलकिले ठेवण्यास सुरुवात झाली आहे. सामन आणि समुद्री ट्राउट यांसारखे स्थलांतर करणारे मासे पुन्हा वर चढू शकावेत हा त्यामागचा उद्देश. नदीला पाणी कमी असते तेव्हा खारेपण आत येऊ नये म्हणून दरवाजे बंद करावे लागतात. किती उघडायचे आणि केव्हा मिटायचे, हा हिशेब बाबांच्या अगदी ओळखीचा होता.

पुढे एका वळणावर बोट काठाला टेकवून बाईंनी विलोचे एक खोड दाखवले. त्याचा मधला भाग चहूबाजूंनी कुरतडून निमुळता केलेला होता, दातांच्या समांतर खाचा लाकडावर स्पष्ट उमटल्या होत्या आणि खाली ताज्या, पांढरट ढलप्यांचा थर पडला होता. नेदरलँड्समधून बीव्हर हा पाण्याकाठी राहणारा, झाडे कुरतडणारा प्राणी एकोणिसाव्या शतकात शिकारीमुळे नाहीसा झाला होता. १९८८ मध्ये जर्मनीतील एल्ब नदीच्या परिसरातून आणलेले बीव्हर येथे सोडण्यात आले आणि ते रुजले. प्राणी दिसला नाही, तो तिन्हीसांजेला बाहेर पडतो. पण काठावर फांद्या व चिखल रचून केलेले त्याचे घर आम्ही जवळून पाहिले. ऑस्प्रे या मासेमार शिकारी पक्ष्याने नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा घरटे केले तेही याच भागात, २०१६ मध्ये.

संग्रहालयाची इमारत दुरून ओळखूच येत नाही, कारण तिच्या षटकोनी दालनांवरील छपरे गवताने झाकलेली असून ती टेकड्यांसारखी जमिनीतून वर आलेली वाटतात. २०१५ मध्ये जुन्या संग्रहालयाला हे रूप दिले गेले. तेथील सांडपाणी विलोच्या लागवडीतून गाळून स्वच्छ केले जाते.

आत सर्वाधिक वेळ आम्ही दोन ठिकाणी घालवला. पहिले दालन प्रदेशाच्या जन्माचे. येथे पूर्वी ग्रोट वार्ड नावाचा सुपीक, बांधांनी वेढलेला मुलूख होता. १८ ते १९ नोव्हेंबर १४२१ च्या रात्री आलेल्या सेंट एलिझाबेथच्या पुराने तो बुडवला. वादळ मोठे होते, परंतु त्याआधीची वर्षे सरदारांच्या गटांमधील लढायांत गेली होती, बांधांची देखभाल रखडली होती आणि मीठ मिळवण्यासाठी बांधांलगतची पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, माती खणून जमीन पोकळ केली गेली होती. बहात्तर गावे बुडाली अशी दंतकथा आहे. इतिहासकार तो आकडा मानत नाहीत. बाबांना दंतकथेपेक्षा देखभालीची हकीकत महत्त्वाची वाटली. बांध वादळाने फुटत नाही, ज्यांनी माती घालायची त्यांनी ती न घातल्याने फुटतो, हे त्यांचे जुने मत आहे, आणि त्या दालनात मला ते पूर्ण पटले.

दुसरे दालन विलोतोड्या मजुरांचे. पुरानंतर साचलेल्या गाळावर आधी लव्हाळी, मग वेत आणि शेवटी विलो लावला गेला. हिवाळ्यात मजूर आठवडाभर पाणथळीतच झोपड्यांत राहून काठ्या तोडत. त्यांपासून पिंपांचे कडे, टोपल्या आणि मुख्यतः बांधांच्या पायथ्याशी पाण्यात बुडवायच्या भल्यामोठ्या विणलेल्या चटया होत. वर दगड टाकून त्या तळाशी बसवल्या, की प्रवाहाने खालची वाळू वाहून जात नसे. अशा विणीचा एक नमुना बाबांनी हाताने दाबून पाहिला. देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी त्यांना अडवले नाही, उलट गाठ कशी मारतात ते दाखवले.

दुसऱ्या महायुद्धाविषयीचा भाग लहान आहे, पण तो चुकवू नये. १९४४ च्या नोव्हेंबरपासून युद्ध संपेपर्यंत दक्षिण नेदरलँड्स मुक्त आणि उत्तर जर्मनांच्या ताब्यात होते, आणि मध्ये ही पाणथळ होती. येथील फाटे तोंडपाठ असलेली २१ माणसे रात्री वल्ह्यांच्या होड्यांतून औषधे उत्तरेकडे आणि माहिती, सैनिक व ज्यू माणसे दक्षिणेकडे नेत. आरी फान द्रिल आणि केस फान द सांदे हे दोघे पकडले गेले व १९४५ च्या एप्रिलअखेर, सुटकेला काही दिवस उरले असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आई त्या छायाचित्रांपुढून लवकर हलली नाही.

परतताना आम्ही नूर्डवार्ड या भागातून गेलो. येथे शेती होती. १९९३ आणि १९९५ च्या नदीपुरांनंतर, विशेषतः १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागल्यानंतर, नद्यांना जागा देण्याचे धोरण आले आणि या पोल्डरचे, म्हणजे बांध घालून मिळवलेल्या जमिनीचे, बांध काही ठिकाणी जाणूनबुजून खाली उतरवले गेले. पूर आला, की पाणी येथे शिरते आणि वरच्या अंगाला खोरिंखेम शहरापाशी नदीची पातळी सुमारे ३० सेंटिमीटरने उतरते. काही शेतकरी निघून गेले, काहींची घरे उंच भरावावर बांधून दिली. ‘आपल्याकडे सरकारने जमीन पाण्याला द्यायला सांगितली असती तर?’ असे मी विचारले. बाबा म्हणाले, ‘मोबदला आधी हातात आणि घर आधी उंचावर, एवढे केले असते तर लोकांनी ऐकले असते. सरकार आधी पाणी सोडते आणि मग पंचनाम्याला येते, भांडण तेवढ्यावरून असते.’

स्ट्यूरखात किल्ल्याजवळ नवा बांध लागतो. त्याच्यापुढे विलोची रुंद लागवड केली आहे. लाटांचा जोर तीत मोडतो, म्हणून मागचा बांध कमी उंचीचा ठेवता आला. झाडे दाट राहावीत यासाठी तेथे विलोची तोडणी आजही पाळीपाळीने करावी लागते. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली, बांधावर चढून ती लागवड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि खाली येऊन मला विचारले, की हारिंगव्लीटचे ते १७ दरवाजे पाहायला जायचे तर उद्या निघता येईल का.