तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी इतकं नितळ, मग मासे आजारी कसे?

भारतातून कोणी नातेवाईक आले की मी त्यांना सिॲटलहून फेरीबोटीने बेनब्रिज बेटावर घेऊन जाते. अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळात बोट ईगल हार्बर नावाच्या लहानशा खाडीत शिरते. दोन्ही काठांवर सूचिपर्णी झाडे असतात, आकाश मोकळे असेल तर मागे माउंट रेनियरचे हिमशिखर दिसते आणि पाणी थंड, नितळ असते. माशांच्या यकृताचे काप करून ते सूक्ष्मदर्शकासाठी तयार करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मला सांगितल्यावाचून राहवत नाही की, याच खाडीच्या तळाशी 1980च्या दशकात पकडलेल्या चपट्या माशांपैकी अनेकांच्या यकृतात गाठी आढळल्या होत्या. त्यावर ठरलेला प्रश्न येतो: "अगं, पाणी तर इतकं स्वच्छ आहे, मग मासे आजारी कसे पडले?" गेल्या वर्षी मालवणहून आलेल्या माझ्या आत्याने तो विचारला आणि आता तुम्हीही विचारलात, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

मासा पाण्यात राहतो हे आपण इतके गृहीत धरतो की काही मासे खऱ्या अर्थाने गाळात राहतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. ईगल हार्बरमध्ये ज्याच्या यकृतात गाठी सापडल्या तो इंग्लिश सोल हा त्यांपैकी एक. आपल्या लेप्यासारखाच तो चपटा असतो. फरक असा की लेप्याचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात आणि याचे उजव्या. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात, परंतु वाढताना एक डोळा डोक्यावरून दुसऱ्या बाजूला सरकतो आणि मासा कायमचा एका कुशीवर तळाशी पडून राहतो. अंगावर गाळ ओढून तो फक्त डोळे बाहेर ठेवतो, गाळातलेच कृमी आणि लहान शिंपले खातो आणि खाताना गाळही गिळतो. त्याची त्वचा, कल्ले आणि आतडे या तिन्हींचा गाळाशी रोजचा संबंध असतो, त्यामुळे त्याच्या प्रकृतीचा हिशेब पाण्याच्या बाटलीतून कधीच लागणार नाही.

ईगल हार्बरच्या मुखाशी विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून 1988पर्यंत लाकडावर क्रिओसोटची प्रक्रिया करणारा कारखाना चालत असे. क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल आहे. बंदरातले खांब आणि रेल्वेचे स्लीपर कुजू नयेत, त्यांना किडा लागू नये, म्हणून ते लाकडात मुरवतात. ते जमिनीत झिरपले, तिथून खाडीत उतरले आणि पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तळाला बसले. त्यातली पीएएच या गटातली संयुगे, म्हणजे बेंझीनची कडी एकमेकींना जोडून तयार झालेले रेणू, पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि गाळाच्या बारीक, सेंद्रिय कणांना घट्ट चिकटून राहतात. तळाच्या गाळात प्राणवायू कमी असल्याने त्यांचे विघटनही अतिशय मंद होते. म्हणून वरचे पाणी नितळ आणि खालचा गाळ विषारी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता यकृताकडे येते. बेंझो-ए-पायरीनसारखा पीएएच गटातला रेणू शरीरात शिरला की यकृतातली विकरे (एन्झाइम) त्याला ऑक्सिजन जोडून पाण्यात विरघळण्याजोगा करतात, जेणेकरून तो पित्तावाटे बाहेर टाकता यावा. बहुतेक रेणू तसे बाहेर पडतातही. परंतु या प्रक्रियेत मध्येच तयार होणारे एक अत्यंत क्रियाशील रूप पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटते, आणि वर्षानुवर्षे अशी इजा साचत गेली की काही पेशींची वाढ भलत्याच वाटेने जाते. निरोगी यकृताचा पाच मायक्रॉन जाडीचा काप रंगवून पाहिला तर तो सर्वत्र सारखा दिसतो. दूषित गाळावर वाढलेल्या माशाच्या कापात मात्र आधी वेगळ्या रंगाची, वेगळ्या ठेवणीच्या पेशींची बेटे दिसू लागतात आणि पुढे काही माशांत त्यांच्या जागी गाठी दिसतात. माशाचे वय वाढते तसा हा धोकाही वाढतो, म्हणून प्रत्येक माशाच्या कानातल्या खड्यावरची वर्तुळे मोजून वय नोंदवावे लागते. वय न नोंदवता दोन ठिकाणच्या माशांची केलेली तुलना मी तरी विश्वासार्ह मानत नाही.

औद्योगिक गाळात शेकडो पदार्थ असतात, तेव्हा दोष पीएएचचाच कशावरून, ही शंका रास्त होती. ईगल हार्बरच्या गाळाचा अर्क काढून तो इंग्लिश सोलना वर्षभर दर महिन्याला टोचला गेला, आणि खाडीतल्या माशांत दिसणारी तीच विकृत पेशींची बेटे त्यांच्या यकृतातही आढळली. 1991 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच परिसरात राहणाऱ्या स्टारी फ्लाउंडर या दुसऱ्या चपट्या माशात मात्र अशा गाठी कितीतरी कमी आढळतात, कारण विष हाताळण्याची प्रत्येक जातीच्या यकृताची रीत वेगळी असते. एका जातीचे मासे धडधाकट दिसले म्हणून गाळ निर्धोक ठरत नाही. इजा यकृतापुरतीही थांबत नाही: प्युजेट साउंड, म्हणजे ईगल हार्बर ज्याचा भाग आहे त्या सिॲटलजवळच्या मोठ्या सागरी खाडीच्या दूषित भागांतल्या इंग्लिश सोल माद्यांमध्ये अंडाशयाची वाढ खुंटल्याचेही आढळले आहे.

यावर उपाय झाला, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगते. 1987 साली ही जागा अमेरिकेच्या सुपरफंड यादीत, म्हणजे सरकारी देखरेखीखाली साफ करायच्या अतिदूषित जागांच्या यादीत, गेली, पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला आणि सप्टेंबर 1993 ते मार्च 1994 या काळात खाडीच्या सर्वांत दूषित तळावर स्वच्छ गाळाचे जाड आवरण घातले गेले. त्यानंतरची पहिली काही वर्षे चित्र डळमळीत होते. यकृतातल्या विकृती कधी कमी तर कधी जास्त दिसत, आणि नंतरच्या वर्षांत मात्र उतरत गेल्या. 2004पर्यंत विकृतीचा धोका आवरण घालण्याच्या वेळी होता त्याच्या एक पंचमांशाहूनही कमी झाला होता. दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवर घाईने निकाल दिला असता तर हा उपाय फसला असेच कोणीही म्हटले असते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे: आवरण घालण्यापूर्वीच, 1993मध्ये, माशांची स्थिती 1980च्या दशकापेक्षा सुधारलेली होती, कारण कारखाना बंद झाला होता आणि काठावरून होणारी गळती रोखण्याचे काम सुरू झाले होते.

आत्याचा दुसरा प्रश्न स्वाभाविकच होता: "मग हे मासे खायचे की नाही?" पीएएच यकृतातून पित्तात जातात, त्यामुळे माशाच्या मांसात ते फारसे सापडत नाहीत आणि संपर्क आला होता की नाही हे शोधायला पित्त तपासावे लागते. पीसीबी या क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायनांचे तसे नाही. ते चरबीत साठून राहतात. सिॲटलमधून वाहणाऱ्या डुवामिश नदीच्या गाळात ते आहेत, म्हणून तिथे कायम वास्तव्य करणारे मासे, खेकडे आणि शिंपले खाऊ नयेत अशी राज्याच्या आरोग्य खात्याची स्पष्ट सूचना आहे. त्याच नदीतून जाणारा सॅमन मात्र खाण्यास योग्य मानला जातो, कारण तो तिथे थोडाच काळ असतो आणि त्याची बहुतेक वाढ समुद्रात होते. आत्याने हे सगळे शांतपणे ऐकले, तळावरचा कोणता आणि वरून जाणारा कोणता हे पुन्हा एकदा विचारून घेतले, आणि परतताना आम्ही सॅमन घेतला. त्याचे तिने तिखले केले.