रॉड ब्रेक आणि जूनचा पाऊस

"भंगारात घाला काका, नवीन घ्या," असं आमचा पोऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलला. काळी, 28 इंची, रॉड ब्रेकवाली, म्हणजे तारेऐवजी सळयांनी ओढले जाणारे ब्रेक असलेली सायकल. काका रोज तिच्यावरून मंडईत जातात. तक्रार एवढीच, की पायडल मारताना टकटक वाजतं.

वाजत होती ती कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा मधल्या एक्सलवर घट्ट धरणारी खिळी. जुनी नव्हे, कुणीतरी मध्यंतरी बसवलेली नवी. हल्लीच्या पिना इतक्या मऊ येतात की चपटी बाजू लगेच दबते. त्यात बसवणाऱ्याने कानस न लावताच नटाने ओढून घेतलेली! नट पिन ओढायला नसतो, ठोकून बसवलेली पिन सुटू नये म्हणून असतो. एवढंही आता कुणी शिकत नाही. नवी पिन एक्सलच्या खाचेला जुळेपर्यंत घासली, ठोकली, एक फेरी मारून पुन्हा ठोकली. आवाज बंद.

बीबी, म्हणजे तो मधला एक्सल जिथे फिरतो ती जागा, उघडली. काळ्या ग्रीसखाली पाव इंची छर्रे, एकेका बाजूला अकरा. एक्सलवर छर्ऱ्यांची वाट आरशासारखी, खड्डा एकही नाही. पोऱ्याला नख फिरवून बघायला लावलं. स्वस्त गिअरवाल्या सायकलींची बंद बेअरिंगं पावसाळ्यात घरघरतात, ती सरळ बदलायची. इथे छर्रे, ग्रीस, बाजूची वाटी नीट आवळली की झालं. चेन ताणली होती, बदलली. अर्ध्या इंचाची कडी आजही तीच, कुठेही मिळते.

मग फेरीला निघालो आणि पाऊस आला. पर्वतीच्या उतारावर दोन्ही ब्रेक दाबले, तर सायकल नुसती पुढेच. रॉड ब्रेकचे रबर रिमला आतून लागतात आणि रिम क्रोमची. ओली झाली की रबर घसरतं. कोरड्यात हेच ब्रेक उत्तम लागले होते.

काकांना म्हणालो, पुढचं चाक तरी अॅल्युमिनियम रिमचं करू, लांब हाताचा कॅलिपर, म्हणजे रिम दोन बाजूंनी चिमटणारा ब्रेक, लावू. फोर्कला भोक पाडावं लागेल.

"वडिलांच्या सायकलीला भोक?"

बराच वेळ वाद झाला. नव्या चाकाची किंमत सायकलीच्या भंगाराच्या भावापेक्षा जास्त, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. शेवटी पुढचं बदललं. मागे रॉडच राहिला, तिथे ते ऐकेनात. पावसात उतार यायच्या आधीच मागचा ब्रेक हलका धरून रिमचं पाणी पुसून घ्या, एवढं दोनदा बजावलं. ते मान हलवत होते, पण ऐकत होते की नाही, कोण जाणे.