जबर हरलेल्या बॉक्सरचं पुढं काय? आधी हार नीट बघा

१९ मार्च २०२१ ला पणजीत विजेंदर सिंग हरला आणि लोकांनी लगेच निकाल लावून टाकला: संपला. सलग बारा व्यावसायिक लढती जिंकलेला, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये भारताला बॉक्सिंगचं पहिलं पदक मिळवून देणारा माणूस रशियाच्या अर्तिश लोपसानसमोर पाचव्या राउंडमध्ये थांबवला गेला. वाईट वाटणारच. पण त्या हारेत नेमकं काय झालं ते कोणी पाहिलं नाही.

आधीची लढत त्यानं नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईत खेळली होती. म्हणजे मधे सोळा महिने रिंगच नाही. वय पस्तीस. समोरचा सहा फूट चार इंच उंच आणि जवळपास दहा वर्षांनी लहान. उंच माणसासमोर आत शिरायला पाय लागतात, आणि सोळा महिन्यांच्या खंडात सगळ्यात आधी पायच जातात. हात घरी टांगलेल्या बॅगवर, म्हणजे ठोसे मारायच्या पोत्यावर, टिकवता येतात, पण अंतराचा अंदाज फक्त जिवंत माणसासमोर टिकतो. म्हणून ही हार मला हनुवटीची, म्हणजे मार झेलण्याच्या ताकदीची, कमी आणि खंडाची जास्त वाटते. पुढं ऑगस्ट २०२२ मध्ये, सतरा महिन्यांनी, रायपूरला त्यानं घानाच्या एलियासू सुलेला दुसऱ्याच राउंडमध्ये नॉकआउट केलं. मार घेऊनही माणूस उभा राहू शकतो हे तिथं दिसलं. पण दोन लढतींत दीड-दीड वर्षाचं अंतर पडत असेल तर त्यातून करिअर उभं राहत नाही, हेही तितकंच खरं.

गावागावात पोरं आता बॉक्सिंगकडं वळताहेत. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकवतात, बुलढाणा जिल्ह्यातल्या अनंता चोपडेनं २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये सुवर्ण जिंकलं, नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये युवा जगज्जेती झाली. त्यामुळं तालुक्याचं पोरगं जबर हरतं तेव्हा पुढं काय करायचं, हा आता आपल्या घरातला प्रश्न आहे.

पहिलं काम, लढतीचा व्हिडिओ बघायचा. पण हरल्याच्या रात्री नाही. आठ-दहा दिवसांनी, आवाज बंद करून, कारण गर्दीचा आरडाओरडा डोळ्यांना फसवतो. पहिल्यांदा बघताना फक्त पाय बघा: मागं सरकताना पाय एकमेकांवर येतात का, सरळ रेषेत मागं जातो का. दुसऱ्यांदा बघताना जो ठोसा लागला त्याच्या आधीचे दोन सेकंद, अर्ध्या वेगानं. बहुतेक वेळा चूक ठोसा लागताना झालेली नसते, त्याच्या आधी झालेली असते. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून डावा हात गालाशी परत आणण्याऐवजी तो कमरेच्या उंचीवर लोंबत राहतो आणि समोरच्याचा उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, त्याच वाटेनं येतो. तिसऱ्यांदा बघताना तोंडाकडं लक्ष द्या. दुसऱ्या राउंडच्या मध्यावर माउथगार्ड दिसायला लागला, म्हणजे तोंड उघडून श्वास सुरू झाला, तर पुढं जे झालं ते दमामुळं झालं. दम वाढवता येतो, सवय मोडता येते. पण साधा, समोरून दिसणारा ठोसा लागून पाय लटपटले असतील, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्यांदा, तर तिथं मन घट्ट करून वेगळा विचार करावा लागतो.

ब्रिटनचा हेवीवेट बॉक्सर अँथनी जोशुआचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. १ जून २०१९ ला न्यूयॉर्कला त्यानं तिसऱ्या राउंडमध्ये अँडी रुईझला खाली पाडलं आणि तिथंच घात झाला. संपवायच्या घाईत तो जवळ गेला, आखूड हाताच्या रुईझला हवं ते अंतर त्यानं स्वतः दिलं, कानशिलावर डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, बसला. त्या लढतीत तो चार वेळा पडला आणि सातव्या राउंडमध्ये रेफ्रीनं थांबवलं. सहा महिन्यांनी सौदीत परतीची लढत झाली तेव्हा जोशुआ साडेचार किलो हलका होऊन आला, बाराही राउंड जॅब मारत गोल फिरला आणि तिन्ही जजांच्या कार्डांवर जिंकला. बघायला कंटाळवाणी लढत, पण दुखणं कळल्यावर औषध कसं घ्यायचं ते त्यात दिसतं. युक्रेनचा हेवीवेट व्लादिमिर क्लिट्श्को तर २००३ आणि २००४ अशी लागोपाठ दोन वर्षं नॉकआउट झाला होता. इमॅन्युएल स्टुअर्ड या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यानं लांबून जॅब आणि जवळ आलं की मिठी, एवढ्यावर सगळी शैली बसवली आणि २००६ पासून २०१५ पर्यंत जगज्जेतेपद सोडलं नाही.

हौशी बॉक्सिंगमध्ये आकडाही फसवतो. पाच जज असतात, तीन राउंड. तिन्ही राउंड केसाच्या अंतरानं गेले तरी निकाल ५-०, म्हणजे पाचही जजांचं मत एकाच्याच बाजूनं, लागू शकतो. पेपरात "दारुण पराभव" छापून येतं आणि पोराच्या डोक्यात ते बसतं. भारताचा अमित पंघाल टोकियो ऑलिम्पिकला अव्वल मानांकित म्हणून गेला आणि पहिल्याच लढतीत कोलंबियाच्या मार्टिनेझकडून ४-१ हरला. समोरच्यानं ठोशांचा वेग शेवटपर्यंत सोडला नाही, अमित थकत गेला. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमला त्यानं राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं. गुणांवरची हार आणि डोक्याला मार बसून थांबवलेली लढत यांना एका मापानं मोजूच नका.

डोक्याला मार बसला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवायचं. हौशी बॉक्सिंगच्या वैद्यकीय नियमांत डोक्यावरच्या माराने लढत थांबली आणि शुद्ध हरपली नाही तरी किमान ३० दिवस रिंगबंदी असते. एक मिनिटाच्या आत शुद्ध आली तर ९० दिवस, त्याहून जास्त वेळ लागला तर १८० दिवस. या बंदीत स्पारिंग, म्हणजे जोडीदारासोबतची सरावाची लढतही येते, हे लोक विसरतात. आपल्याकडं घोळ असा होतो की एका स्पर्धेत पडलेलं पोरगं पंधरा दिवसांत दुसऱ्या संघटनेच्या निवड चाचणीत उतरतं. तिथल्या टेबलावर आधीची नोंद नसते, घरचे सांगत नाहीत, पोरगं तर नाहीच नाही. हे थांबवणं प्रशिक्षकाच्याच हातात आहे.

पहिले ४८ तास घरी कोणीतरी मोठं माणूस सोबत हवं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, झटका येणं, झोपेतून नीट न उठणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं. भामरागड किंवा सिरोंचाकडून नागपूर गाठायचं तर दिवस जातो. म्हणून स्पर्धेला निघण्याआधीच वाटेत जवळचं सीटी मशीन कुठं आहे ते विचारून ठेवा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, पण डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन किंवा अॅस्पिरिन या दोन दिवसांत नको, आत रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. हेडगार्ड होतं म्हणून निर्धास्त राहू नका. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, आत मेंदू हलायचा थांबत नाही.

परतीचा रस्ता पायरीपायरीनं. डोकेदुखी पूर्ण गेल्यावर चालणं, मग हलकी सायकल, मग दोरी आणि शॅडो (एकट्यानं हवेत ठोसे), मग बॅग, मग पॅड (प्रशिक्षकाच्या हातातल्या गादीवर ठोसे). प्रत्येक पायरीवर निदान एक पूर्ण दिवस, आणि डोकं पुन्हा दुखलं तर एक पायरी खाली. स्पारिंग सगळ्यात शेवटी, बंदीचे दिवस संपल्यावर आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. सुरुवातीला १६ औंसाचे, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचे ग्लोव्हज, दोनच राउंड, आणि समोरच्यानं फक्त जॅब मारायचा. पुढच्या आठवड्यात फक्त अंगावरचे, म्हणजे पोट-बरगड्यांवरचे ठोसे. चेहऱ्यावर पूर्ण ताकदीचं स्पारिंग पहिला महिनाभर कशाला हवं?

गावात बॅग बहुधा पोत्याची असते. त्यात रेती भरली की ती तळाशी बसते आणि खालचा भाग दगड होतो. अंगावर मारायचा हुक तिथं बसला की मनगट मुरगळतं, आणि मनगट दुखणारं पोरगं नकळत हात खाली सोडतं. म्हणजे ज्या चुकीनं हरला तीच चूक बॅग शिकवते. कापडाच्या चिंध्या आणि जुन्या गादीचा कापूस थर देऊन दाबून भरा, दर पंधरा दिवसांनी बॅग उलटी टांगा. कापूस वेचणीच्या दिवसांत सराव सुटतो हेही धरून चाला. दिवसभर वाकून वेचणी केलेल्या कमरेला संध्याकाळी हुकची फिरत देऊ नका, त्या दिवसांत शॅडो आणि पायांचं काम पुरे.

अनेक हारांचं मूळ वजनात असतं. साठ किलोचं पोरगं ५४ च्या गटात बसवायला प्लास्टिकचा कोट घालून पळवतात, पाणी तोडतात. अकोला-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर असताना हे जिवावर बेतू शकतं. जगलं वाचलं तरी कोरड्या पडलेल्या शरीराचे पाय जड होतात, ठोसा दिसतो पण मान वेळेवर हलत नाही. पडल्यावर सगळे म्हणतात हनुवटी कच्ची. एक गट वर खेळवून बघा, डाळ-भाकरी, अंडी, चणे, शेंगदाणे पोटभर खाऊ द्या, आणि मग हनुवटीचा निकाल लावा.

पहिली परत लढत कोणाशी ठेवायची यात प्रशिक्षकाची खरी परीक्षा आहे. ज्याच्याकडून हरला त्याच्याशी लगेच नको, आणि दोन ठोशांत बसणारा सोपा गडीही नको, त्यातून काहीच कळत नाही. फार जोराचा ठोसा नसलेला पण तीनही राउंड पुढं चालून येणारा गडी शोधा. पहिल्या राउंडमध्ये प्रत्येक हरलेला पोरगा घाबरलेला असतो, ते सोडून द्या. दुसऱ्या राउंडमध्ये पहिला खणखणीत ठोसा लागल्यावर काय करतो ते बघा. डोळे मिटून मान फिरवली तर अजून सहा महिने स्पारिंगमध्येच ठेवा. ठोसा घेऊन बाजूला सरकला आणि डावा हात गालाशी परत आला, तर पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरा.