तोंडातून निघालेलं नाव

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. लिहून बघते.

परवा साताऱ्याच्या वाढे फाट्यावर उसाची डबल ट्रॉली अंगावर आली. ह्यांनी गाडी कडेच्या मुरुमात घातली. पडलो नाही, खरचटलं नाही, माझ्या चपलेचा अंगठा तेवढा तुटला. पण ट्रॉलीचं चाक खांद्याशी आलं तेव्हा मी ओरडले, "या मीरासाहेब!" घरी आल्यावर गाडी स्टँडला लावता लावता ह्यांनी विचारलं, "कुणाला हाक मारलीस गं?" रागानं नाही, सहज. मी म्हटलं, कुणाला नाही. आणि आत जाऊन भात लावला.

खोटं बोलायचं काय कारण होतं? घरात कुणी मला काही म्हणालं नसतं.

सत्तावीस वर्षं मी ह्या घरचा देव्हारा सांभाळते. रविवारी टाक उजळायचे, खंडोबाला भंडारा वाहायचा. चंपाषष्ठीला तळी भरायची, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्याशिवाय घरात कुणी वांग्याला हात लावत नाही. पौषात पालीला देवाचं लग्न लागतं तेव्हा भंडाऱ्यानं डोळे चुरचुरतात आणि मला रडू येतं, दरवर्षी येतं. ते रडू खोटं नव्हतं. मग मरण हातभर अंतरावर आलं तेव्हा मल्हारी का नाही आला तोंडात? एवढ्या वर्षांची पूजा नुसती हातानंच केली का मी?

काल दिवसभर स्वतःची फार कीव आली. बाईला देव तरी कुठं स्वतःचा असतो. ज्योतिबा माहेरी राहिला. आडनाव बदललं त्याच दिवशी कुलदैवतही बदललं, मला कुणी विचारलं नाही. आई म्हणाली होती, आता तुझा देव पालीचा. मी बरं म्हटलं. मंगळसूत्राची वाटी माहेरची कुठली आणि सासरची कुठली हे जसं सांगितलं, तसंच हेही सांगितलं होतं.

पण ज्योतिबाही आला नाही ना तोंडात. हेच मला उलगडत नाही. घरानं मला ज्योतिबा दिला, सासरनं खंडोबा. मीरासाहेब ना ह्या देव्हाऱ्यात ना त्या. तो मिरजेनं दिला.

मला गोवर निघून फिट आली तेव्हा आजीनं उचलून मिरजेच्या मीरासाहेबाच्या दर्ग्यात नेलं होतं. मला आठवत नाही, पण इतक्या वेळा ऐकलंय की आठवतंच. पुढं दर गुरुवारी तिच्या बोटाला धरून जायचे. उदाचा वास, मोरपिसांचा झाडू डोक्यावरून फिरला की मानेवर शहारा यायचा. हीच आजी चैत्रात वाडी रत्नागिरीला जाऊन गुलालानं माखून यायची आणि दारातूनच चांगभलं म्हणायची. तिला ह्यात काही जोडावं लागलं नाही, कारण तिच्या लेखी काही तुटलेलंच नव्हतं. उरसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा चढतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. रात्री दर्ग्यातल्या चिंचेखाली गाणं असायचं. गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांच्या नावानं ती सभा. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, मांडीवर मी त्या गाण्यातच झोपून जायचे. गल्लीत सतारी करणाऱ्यांची दुकानं, दुपारभर कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावत बसलेलं असायचं. मला कुणी शिकवलं नाही की मीरासाहेबाला मान. ते हवेतच होतं.

२००९ च्या गणपतीत मिरजेत दंगलीचं जे झालं, त्यानंतर दादा फोनवर फार कमी बोलायला लागले. आज त्याबद्दल लिहीत नाही. पण परवा मी "कुणाला नाही" म्हटलं, त्यात तेही असेल.

माहुलीला जी कृष्णा मी बघते तीच खाली औदुंबराला जाते, सांगलीत गणपतीच्या देवळापाशी जाते, मग नरसोबाच्या वाडीला. दादांना नोकरी मिरजेऐवजी वाडीत लागली असती तर परवा मी दिगंबरा म्हणाले असते, आणि तितक्याच जीवानं म्हणाले असते. ह्या विचारानं काल रात्री पोटात खड्डा पडला. माझा म्हणून जो सगळ्यात आतला विश्वास, तो दादांच्या बदलीच्या एका कागदावर अवलंबून होता?

आज मंडईतून येताना राजवाड्याजवळच्या शाळेवरून आले. ७ नोव्हेंबर १९०० ला ह्याच शाळेत भिवा रामजी आंबेडकर नाव पडलं. हिंदू म्हणून जन्मलो ते माझ्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असं त्यांनी १९३५ ला येवल्यात सांगितलं आणि दीक्षा घेतली १९५६ ला. एकवीस वर्षं. पिशवी हातात घेऊन मी तिथं उभीच राहिले. जन्मानं दिलेलं खाली ठेवायला इतक्या मोठ्या माणसाला एवढा काळ विचार करावा लागला. त्यांना ते दिलेलं टोचत होतं, रक्त काढत होतं. मला माझ्या वाट्याचं कधी टोचलंच नाही, म्हणून मी ते हातात घेऊन कधी बघितलंही नाही.

मघाशी दहाच्या सुमाराला आत्या, म्हणजे सासूबाई, कण्हत होत्या. गुडघा थंडीत धरतो त्यांचा. तेल गरम करून नेलं. कूस बदलताना त्या म्हणाल्या, "यल्लव्वा, यव्वाऽ." नेहमीच म्हणतात. आज पहिल्यांदा ऐकलं मी. माहेर जतकडचं त्यांचं, यल्लव्वा तिकडची देवी, साताऱ्यात येऊन पंचावन्न वर्षं झाली, कानडी आता दोन-चार शब्दांपलीकडं उरलं नाही. खंडोबाची तळी कशी भरायची, भंडारा कुठल्या बोटानं लावायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांची पूजा पोकळ आहे असं माझ्या मनातही कधी येणार नाही. पालीच्या वाळूत त्यांना अनवाणी चालताना बघितलंय मी.

"आत्या, यल्लव्वाला जाऊन किती वर्षं झाली?" मी विचारलं.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या जावळाला गेले होते. यात्रा मार्गशीर्षात असती." पुढं काही बोलल्या नाहीत, पाय तेवढा जरा पुढं सरकवला. मी तेल चोळत राहिले.

हे झोपलेत. उद्या सकाळी सांगेन त्यांना, कुणाला हाक मारली ते. जतची गाडी किती वाजता असते तेही विचारेन. देवाच्या पितळी भांड्यांसाठी चिंच भिजत घातली आहे, उद्या रविवार.