बॉबी ऑर की वेन ग्रेट्स्की?

आइस हॉकीतला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी वेन ग्रेट्स्कीचे नाव येते, आणि ते उत्तर खोडून काढणे मुळीच सोपे नाही. माझे उत्तर मात्र बॉबी ऑर हे आहे. टोरांटोला शिकायला गेलेला माझा भाचा या उत्तरावरून माझ्याशी सतत वाद घालतो. तिकडे संध्याकाळी सातला सुरू झालेला सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला दिसतो. सामना आटोपेपर्यंत पुण्यात दूध आणि वर्तमानपत्रे घरोघरी पोहोचलेली असतात, आणि मग फोनवर आमचा वाद रंगतो. त्या वादातली माझी बाजू एकदा सविस्तर मांडावी, म्हणून हे लिहितो आहे.

माझे लहानपण खडकीत गेले. धनराज पिल्ले ज्या खडकीतून पुढे आले, तिथे मैदानी हॉकीबद्दल बोलणाऱ्या माणसांची कधीच वाण नव्हती. जुन्या खेळाडूंची तुलना निघाली की तिथली जाणती मंडळी कोणी किती गोल केले याची बेरीज मांडत बसत नसत. अमुक खेळाडू त्याच्या बरोबरीच्या पोरांपेक्षा किती पुढे होता आणि तो मैदानात असताना समोरच्या संघाला आपला खेळ किती बदलावा लागे, एवढेच ते विचारत. दोन काळांतल्या खेळाडूंना एकाच तराजूत घालायचे तर याहून चांगली कसोटी मला आजही सापडलेली नाही, आणि आइस हॉकीला ती विशेष लागू पडते, कारण दीडशे वर्षांत हा खेळ अनेकदा मुळापासून बदलला आहे.

३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये जेम्स क्रायटन यांच्या पुढाकाराने छपराखालचा पहिला संघटित सामना झाला, तेव्हा एका बाजूला नऊ खेळाडू होते. चेंडू पुढे पास करण्यास रग्बीत जशी मनाई असते, तशी ती सुरुवातीला या खेळातही होती. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी चकती, पुढे न्यायचा तर स्वतः घेऊन जावा लागे. १८९२ मध्ये कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी चषक दिला, १९१७ मध्ये नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली, तरी पुढच्या पासवरचे निर्बंध थोडेथोडेच सैल होत गेले. १९२८-२९ च्या मोसमात माँट्रियलचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ सामन्यांपैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. पुढच्याच मोसमात रिंकच्या तिन्ही भागांत पुढे पास करायला परवानगी मिळाली आणि गोलांची सरासरी जवळजवळ दुप्पट झाली. खेळाडू तेच, गोलरक्षकही तेच, फक्त नियम बदलला. म्हणून हेन्सवर्थचे २२ सामने आणि नंतरच्या कोणत्याही गोलरक्षकाचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. मॉरिस रिशारने १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांत ५० गोल केले, तेव्हा लीगमधले अनेक खेळाडू युद्धावर गेलेले होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. मात्र तोवर कोणीही ५० चा आकडा गाठलेला नव्हता, हेही तितकेच खरे.

आता ग्रेट्स्कीकडे वळतो. या खेळात गोल आणि असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलाला कारणीभूत ठरलेला पास) यांची बेरीज म्हणजे खेळाडूचे पॉइंट. ग्रेट्स्कीने १,४८७ सामन्यांत ८९४ गोल आणि १,९६३ असिस्ट अशी २,८५७ पॉइंटची कमाई केली. एकूण पॉइंटांत त्याच्या खालोखाल येरोमिर यागर आहे, त्याचे १,९२१. म्हणजे ग्रेट्स्कीचा प्रत्येक गोल पुसून टाकला तरी नुसत्या असिस्टच्या जोरावर तो पहिलाच राहतो. एका मोसमात २०० पॉइंटचा टप्पा त्याने चार वेळा ओलांडला. दुसऱ्या कोणाला तो एकदाही ओलांडता आलेला नाही.

यावर भाच्याचा ठरलेला आक्षेप असतो, "मामा, तू त्या वेळचे गोलरक्षक बघ ना! उभे राहून पायाने पक अडवायचे, पॅड केवढेसे असायचे. ओव्हेच्किनने गोल मारलेत ते आजच्या गोलरक्षकांसमोर." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. ६ एप्रिल २०२५ रोजी ॲलेक्झांडर ओव्हेच्किनने ८९५ वा गोल करून ग्रेट्स्कीचा गोलांचा विक्रम मोडला, आणि त्याची बहुतेक कारकीर्द गोलांच्या दुष्काळातली आहे. १९८१-८२ मध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत; १९९७-९८ पर्यंत ही सरासरी पाचच्या जरा वर येऊन ठेपली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी गोलरक्षक १०० पैकी साधारण ८७ फटके अडवत, नंतरच्या काळात ते ९० ते ९१ अडवू लागले. गुडघे जोडून खाली बसायचे आणि दोन्ही पाय बाजूंना पसरून गोलाची खालची बाजू बंद करायची, ही पद्धत पॅट्रिक रॉयनंतर सर्वत्र रुजली, आणि साहित्यही मोठे व हलके होत गेले.

गोलरक्षकाच्या साहित्याचा विषय निघाला की मला माँट्रियलचा गोलरक्षक जाक प्लांट याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेटचा फटका थेट त्याच्या तोंडावर बसला. त्या काळी संघांजवळ राखीव गोलरक्षक नसे. टाके घालून होईपर्यंत खेळ थांबला आणि प्रेक्षक ताटकळत बसले. प्रशिक्षक टो ब्लेक यांना सामन्यात मुखवटा नको होता, कारण तो घालणारा गोलरक्षक भेदरट ठरतो अशी तेव्हाची समजूत होती. मुखवट्याशिवाय मी परत जाणार नाही, असे प्लांटने बजावले, फायबरग्लासचा मुखवटा चढवला आणि माँट्रियलने तो सामना ३-१ असा जिंकला. त्या मोसमात माँट्रियलने सलग पाचव्यांदा स्टॅनली चषक पटकावला, तेव्हा भेदरटपणाची भाषा करायला कोणी उरले नाही.

तरीही काळाचा हा मुद्दा ग्रेट्स्कीला लावताना एक गोष्ट सुटते. सोपे गोलरक्षक एकट्या ग्रेट्स्कीच्या वाट्याला आले नव्हते. १९८१-८२ मध्ये त्याचे पॉइंट २१२ झाले, तर दुसऱ्या क्रमांकावरच्या माइक बॉसीचे १४७. १९८३-८४ मध्ये तो २०५ वर आणि दुसरा पॉल कॉफी १२६ वर. १९८६-८७ मध्ये तो १८३ वर आणि दुसरा यारी कुरी १०८ वर. कॉफी आणि कुरी तर त्याच्याच संघातले, त्याच्याच पासांवर खेळणारे. काळ सर्वांना सारखाच सोपा असताना एकटाच माणूस असा पुढे निघून जात असेल, तर त्याचे श्रेय काळाला देता येणार नाही. त्याच्या एडमंटन संघाने, शिक्षेमुळे खेळाडू बाहेर बसून दोन्हीकडे गोलरक्षक वगळता पाचाऐवजी चारच खेळाडू उरले असताना, गोलांचा असा सपाटा लावला की, दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूला एकाच वेळी शिक्षा झाली तरी खेळाडूंची संख्या कमी होणार नाही, असा नियम लीगने १९८५ मध्ये केला आणि तो पुढे १९९२ मध्ये मागे घेतला. ग्रेट्स्की गोलाच्या जाळीमागे जाऊन उभा राहत असे. गोलरक्षकाला त्याच्याकडे पाहायचे तर गोलाकडे येणाऱ्यांकडे पाठ होई, आणि बचावपटू जाळीच्या एका बाजूने धावून आला की हा दुसऱ्या बाजूने पास देऊन मोकळा होई. लहानपणी टीव्हीवर सामना पाहताना तो पडद्यावरची नजर न हलवता पक जाईल तिकडे कागदावर पेन्सिल फिरवत असे, आणि सामना संपल्यावर रेघा कुठे दाट झाल्या आहेत ते पाही. पक कुठे जाणार आहे याचा अंदाज त्याला इतरांच्या आधी का येई, हे त्या कागदावरून कळते.

एवढे सगळे मान्य असूनही मी ऑरला वरचे स्थान देतो, कारण ग्रेट्स्कीने आक्रमणाचे काम साऱ्या आक्रमकांहून उत्तम केले, तर ऑरने बचाव आणि आक्रमण ही दोन्ही कामे एकाच वेळी केली आणि दोन्हींत तो आपल्या पिढीच्या पुढे होता. ऑर बोस्टन संघाचा बचावपटू होता. त्याच्याआधी एका मोसमात बचावपटूने केलेल्या पॉइंटांचा विक्रम पिएर पिलोटच्या नावावर होता, १९६४-६५ मधले ५९. ऑरने १९६८-६९ मध्ये ६४ आणि पुढच्या मोसमात थेट १२० पॉइंट केले. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये तो पहिला आला. दुसरा आलेला त्याचाच सहकारी फिल एस्पोझिटो ९९ वर राहिला. सर्वाधिक पॉइंटांचा मान बचावपटूने मिळवल्याची उदाहरणे लीगच्या इतिहासात दोनच आहेत, १९६९-७० आणि १९७४-७५, आणि दोन्ही ऑरचीच. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने सलग आठ वर्षे आपल्याकडे ठेवला.

भाच्याचा पुढचा मुद्दा असा की १९६७ मध्ये लीग सहा संघांवरून एकदम बारा संघांची झाली, नवे संघ कच्चे होते, आणि ऑरचे आकडे त्यांच्यासमोर फुगले. मी त्याला पॉल कॉफीचे उदाहरण देतो. कॉफी हाही बचावपटूच होता आणि आक्रमणात फारच तरबेज होता. १९८५-८६ मध्ये, ग्रेट्स्कीच्या जोडीने, सामन्याला जवळपास आठ गोल होण्याच्या काळात त्याने ४८ गोल करून ऑरचा ४६ गोलांचा विक्रम मागे टाकला. पॉइंट मात्र त्याचे १३८ झाले. ऑरने १९७०-७१ मध्ये, सामन्यातल्या गोलांची सरासरी सहाच्या थोडी वर असताना, १३९ पॉइंट केले होते, आणि तो आकडा आजवर एकाही बचावपटूला गाठता आलेला नाही. त्याच मोसमात ऑर बर्फावर असताना बोस्टनने केलेले गोल आणि खाल्लेले गोल यांतला फरक १२४ चा होता. हाही विक्रम अजून टिकून आहे. लॅरी रॉबिन्सन १९७६-७७ मध्ये १२० पर्यंत पोहोचला होता.

ऑरचे छायाचित्र अनेकांनी पाहिलेले असते: १० मे १९७०, बोस्टन, हवेत आडवा झालेला, हात पसरलेले. सेंट लुईसविरुद्धच्या अंतिम मालिकेतला चौथा सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला होता आणि ४० व्या सेकंदाला ऑरने गोल करून २९ वर्षांनी बोस्टनला चषक मिळवून दिला. ते छायाचित्र गोल झाल्यानंतरचे आहे. माझ्या दृष्टीने त्याआधीचे क्षण अधिक मोलाचे आहेत. सेंट लुईसचा खेळाडू कडेच्या फळीलगत पक बाहेर काढत होता, तेव्हा सावध बचावपटूने मागे हटायला हवे होते. ऑर पुढे झेपावला. पक त्याला चकवून गेला असता तर समोरचे आक्रमक मोकळे सुटले असते. त्याने पक अडवला, सहकारी डेरेक सँडरसनकडे दिला, क्षणाचाही विलंब न लावता गोलाकडे निघाला आणि परतीचा पास मिळताच गोलरक्षक ग्लेन हॉलला चकवले. नोएल पिकारच्या स्टिकने त्याचा पाय उचलला गेला तोवर पक जाळीत होता. बचावपटूने इतके पुढे जावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर ऑरच्या आधी आणि ऑरच्या नंतर वेगवेगळे आहे. त्याच्या संघातला खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असे, तेव्हा तो पक स्वतःच्या स्टिकवर ठेवून रिंकभर वळणे घेत राही आणि पाच खेळाडूंचा संघ चौघांच्या मागे धावत वेळ घालवी. गिरकी घेताना त्याचा वेग कमी होत नसे, आणि खेळाचे चित्रीकरण पाहताना मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा पाहतो.

"पण फक्त ६५७ सामने, मामा!" हा भाच्याचा शेवटचा बाण असतो. डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया होत गेल्या आणि १९७८ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी ऑरला थांबावे लागले. मी त्याला एवढेच विचारतो की ब्रॅडमन ५२ कसोटी सामने खेळले आणि सचिन २०० खेळला, म्हणून ब्रॅडमन लहान ठरतात का? क्रिकेटमध्ये आपण हा हिशेब लावत नाही. शिवाय १९७६ च्या कॅनडा कपमध्ये, धड चालताही येत नाही अशा अवस्थेतल्या गुडघ्यावर खेळूनही, तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

दीर्घकाळ टिकणे हाच गुण मानायचा, तर गॉर्डी हाउच्या पासंगाला कोणी पुरत नाही. १९४६ मध्ये तो पहिल्यांदा लीगमध्ये उतरला आणि १९७९-८० मध्ये, मोसम सरताना ५२ वर्षांचा असलेला हा माणूस, हार्टफर्डच्या ८० पैकी ८० सामन्यांत खेळला. मधल्या काळात प्रतिस्पर्धी लीगमध्ये तो स्वतःच्या दोन मुलांसोबत एकाच संघातून खेळला होता. माझ्या यादीत तो तिसरा आहे. चौथा मारियो लेम्यू. १९९३ च्या जानेवारीत त्याला हॉजकिन्स लिम्फोमा झाल्याचे निदान झाले, २ मार्चला रेडिएशनचा शेवटचा उपचार घेऊन तो त्याच रात्री फिलाडेल्फियात खेळला आणि त्याने गोलही केला. त्या मोसमात ६० सामन्यांत १६० पॉइंट करून तो लीगमध्ये पहिला आला. त्याला निरोगी शरीर लाभले असते, तर ही यादी कदाचित मला वेगळ्या क्रमाने लिहावी लागली असती.

भाच्याला पाचव्या जागी कॉनर मॅक्डेव्हिड हवा आहे. २०२२-२३ मध्ये त्याने १५३ पॉइंट केले, तेही आजच्या गोलरक्षकांसमोर, आणि २०२४ च्या अंतिम मालिकेत एडमंटन हरले तरी त्या वर्षीच्या बाद फेऱ्यांतल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. पण त्याची कारकीर्द ऐन भरात आहे आणि अपुऱ्या कारकिर्दीला क्रमांक देणे मला पटत नाही. व्हालेरी खार्लामोव्ह आणि व्लादिस्लाव त्रेतियाक यांना तर सोव्हिएत व्यवस्थेने या लीगमध्ये येऊच दिले नाही, आणि तरीही १९७२ च्या मालिकेतल्या पहिल्याच सामन्यात त्यांच्या संघाने कॅनडाला त्यांच्याच माँट्रियलमध्ये ७-३ असे हरवले होते. पाचवी जागा मी चेक गोलरक्षक डोमिनिक हाशेकला देतो. १९९७ आणि १९९८ अशी सलग दोन वर्षे लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक गोलरक्षक असून त्याने मिळवला. नागानोच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाविरुद्धची उपान्त्य लढत १-१ अशी बरोबरीत सुटल्यावर त्याने पेनल्टी शॉटवर कॅनडाचे पाचही खेळाडू परतवले. त्या पाचांत कॅनडाच्या प्रशिक्षकांनी ग्रेट्स्कीला घेतले नव्हते. ते का घेतले नव्हते, यावर आम्हा दोघांचे मात्र एकमत आहे: तो निर्णय साफ चुकला.