हापशी कुणाची, पाना कुणाकडे

सोमवार, नागपूर

आफ्रिकेतल्या खेड्यांत स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या इकडच्या पोट्ट्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कपडे किती घ्यायचे, सिम कोणतं चालतं, शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय. तिथल्या हापशीचं वायसर गेलं तर ते बदलतं कोण, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. गावाने चालवलेला विकास म्हणजे काय, हे त्या वायसरावरून जितकं कळतं तितकं कुठल्याच माहितीपत्रकावरून कळत नाही.

युगांडात ज्या हापशीला ‘यू-टू’ म्हणतात ती आपलीच इंडिया मार्क टू. तिचं मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. जालना आणि सोलापूरच्या मिशनवाल्यांनी खोल बोअरसाठी पोलादी पंप बनवले. त्यातल्या सोलापूरच्या पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने मार्क टूचा आराखडा पक्का झाला. काटोल-उमरेडकडच्या गावात हापशी उघडताना पाहिलेला माणूस युगांडात अगदीच अनोळखी यंत्रासमोर उभा राहत नाही. मात्र तिच्यातली अडचणही तिच्यासोबत तिकडे गेली आहे.

अडचण वजनाची आहे. मार्क टूमध्ये वायसर बसतं तळाशी, सिलिंडरच्या आत, आणि तिथवर पोचायला सगळे पाइप वर काढावे लागतात. सिलिंडर ३० मीटरवर असेल तर तीन-तीन मीटरचे दहा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप. ३२ मिलिमीटरचा एक पाइप नऊ-दहा किलोचा, म्हणजे पाइपच शंभर किलोच्या आसपास. त्यात १२ मिलिमीटरच्या सळ्यांचे पंचवीस-सत्तावीस किलो आणि पाइपात अडकलेलं तीसेक लिटर पाणी. दीडशे किलोंचं हे धूड क्लॅम्प, उचलायची अवजारं आणि सरावाची चार माणसं यांच्याशिवाय वर येत नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेचं दुरुस्ती पथक गाडी घेऊन येतं. जिथे गाडी येत नाही तिथे वायसरासारख्या किरकोळ वस्तूसाठी अख्खी हापशी महिनोन् महिने बंद पडून राहते.

मार्क टूच्याच पुढच्या आराखड्यात, मार्क थ्रीमध्ये, पाइप ६५ मिलिमीटरचा केला आणि सिलिंडरचं तोंड वरून उघडं ठेवलं. दट्ट्या सळ्यांसकट त्याच पाइपातून वर येतो, पाइप जागेवरच राहतात. मालावीत जास्त दिसते ती आफ्रिडेव्ह. तिला पीव्हीसीचे पाइप असतात, सळ्या आकड्यांनी एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि नेहमीच्या दुरुस्तीला एक पाना पुरतो. दोन बायका मिळून ती उघडू शकतात, कारण ती तशी जमावी म्हणूनच बनवली आहे. नवी हापशी बसवायची चर्चा निघाली की ‘किती खोलवरचं पाणी काढते’ याच्या आधी ‘उघडते कोण’ हे विचारावं.

मंगळवार

कालचंच पुढे. मदतीच्या कामात पाण्याचा पीएच मोजायचा राहून जातो. बोअरचं पाणी ६.५ च्या खाली, म्हणजे आंबटाकडे झुकलेलं असेल तर जीआय पाइपावरचा जस्ताचा थर जातो आणि लोखंड गंजायला लागतं. पाणी तांबडं येतं, कपड्यांना डाग पडतात, चहा काळा होतो. आरोग्याला मोठा धोका नसतो, पण चव बिघडली की बायका पुन्हा ओढ्यावर जातात, आणि तिथलं पाणी खरोखरच धोक्याचं असतं. पुढे एखाद्या दिवशी आट्यांपाशी पाइप तुटतो आणि खालचा सगळा सांगाडा बोअरमध्ये पडतो. म्हणून अशा जागी स्टेनलेस स्टील किंवा पीव्हीसीच हवं. बसवताना खर्च वाढतो आणि देणगीदार कुरकुरतो. कुरकुरू द्यावं.

तपासणीला काही फारसं लागत नाही. हापशी चालवून पाणी आणायचं आणि अर्धा तास कुणालाही हात लावू द्यायचा नाही. मग हापसायचं. पाचाहून जास्त हापसे मारल्यावर पाणी आलं तर तळाची झडप किंवा पाइपाचा जोड गळतोय. दुसरी तपासणी: सलग ४० हापसे मारून पाणी बादलीत धरायचं. १० लिटरच्या आत आलं तर दट्ट्याचं वायसर झिजलं असं समजायचं. दांडा आडवा हलत असेल तर बेअरिंग पाहावं. साखळीला ग्रीस लागतंच. हे आकडे गावाच्या वहीत गावातल्याच माणसाने, त्याच्या भाषेत लिहायचे. पाहुण्याच्या लॅपटॉपमधली नोंद पाहुण्याबरोबर निघून जाते.

गुरुवार

युगांडात गावात शिरताना आधी एलसी-वनच्या अध्यक्षाला भेटायचं. तो गावपातळीवरच्या परिषदेचा प्रमुख. मालावीत गावप्रमुख आणि त्यानंतर गाव विकास समिती. या भेटी टाळून थेट शाळेत किंवा चर्चमध्ये बसलेलं काम पहिल्या भांडणातच थांबतं.

सुरुवातीचे काही आठवडे हातात काही घेऊ नये. शिवारफेरी करावी, तीही दोनदा: एकदा पुरुषांबरोबर, एकदा बायकांबरोबर. गावनकाशा जमिनीवर काढायचा. राख, बिया, काटक्या, जे मिळेल ते. काठी आपल्या हातात राहिली की नकाशा आपला होतो, म्हणून ती लगेच दुसऱ्याकडे द्यायची. पुरुषांच्या नकाशात रस्ता, बाजार आणि चर्च मोठं निघतं. बायकांच्या नकाशात सरपणाची वाट आणि हंगामी झरे, जे पुरुषांच्या नकाशात बहुतेक वेळा नसतातच. कागदावरची मूळ प्रत गावात ठेवायची, आपण फोटो घ्यायचा.

विदर्भातलं वेळापत्रक तिथे चालत नाही. मालावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारी ते मार्च म्हणजे घरातला मका संपत आलेला असतो. त्या दिवसांत सभा बोलावली आणि वर्गणी मागितली की कुणी येत नाही, आणि अहवालात ‘गावाची उदासीनता’ असं लिहिलं जातं. पीक एप्रिल-मेमध्ये निघतं. वर्गणीचं बोलणं तेव्हा. गावात मयत झाली की त्या दिवशीची सभा रद्द, याचंही वाईट वाटून घेऊ नये.

बैठकभत्त्याचं दुखणं वेगळंच. एखादी संस्था सभेला येणाऱ्यांना पैसे देऊन जाते आणि पुढच्याला फुकटात सभा घेता येत नाही. आपण चहापाण्यापुढे जायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. ‘तुम्हाला काय हवं?’ असंही विचारू नये, कारण पाहुण्याकडे जे असेल तेच लोकांना हवं असतं. पंपवाला आला की हापशी, शिक्षक आला की वर्ग.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळ्या ठेवल्या आहेत. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी बाहेरची माणसं अभ्यासगटात बसली, बोलली, वाद घातले; निर्णय मात्र ग्रामसभेने, सर्वसहमतीने घेतला. परदेशात जाणाऱ्याने निदान ही घडी आपल्याच मुलखात समजून घ्यावी. गडचिरोली काही युगांडाइतकी लांब नाही.

शनिवार

पैशाचं. आपल्या बचत गटासारखे गट तिकडेही आहेत. नायजरमध्ये १९९१ साली केअर या मदतसंस्थेच्या कामातून सुरू झालेली पद्धत पुढे बऱ्याच देशांत गेली: एक पेटी, तीन कुलपं, तीन किल्ल्या तिघींकडे आणि पेटी चौथीकडे. हापशीचा निधी अशा पेटीत ठेवता येतो आणि पडून राहण्याऐवजी सभासदांना थोड्या मुदतीच्या कर्जाने फिरवताही येतो. स्वयंसेवकाने एकही किल्ली घेऊ नये, ‘तात्पुरती’ म्हणूनसुद्धा नाही.

दुरुस्ती शिकवायची ती गावात टिकणाऱ्यांना. तरुण मुलगा शिकतो आणि शहरात काम मिळालं की निघून जातो. लेकराबाळांची बाई सहसा राहते. सुट्टे भाग सर्वांत जवळच्या कोणत्या बाजारात, कुठल्या दुकानात मिळतात ते गावकऱ्यांबरोबर जाऊन पाहायचं. दुकान नसेल तर आपण पेटीभर वायसरं ठेवून येणं म्हणजे अडचण वर्ष-दोन वर्षं पुढे ढकलणं.

जायचं कोणामार्फत, तेही बघावं. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे, मुख्यालय जर्मनीत बॉन इथे. तिथे जागा यजमानाच्या मागणीवरून निघते. पैसे भरून दोन आठवडे शाळेची भिंत रंगवायला नेणाऱ्यांना एवढंच विचारावं की रंगवायला कुणी सांगितलं, आणि तिथल्या रंगाऱ्याचं काय.

युगांडाला जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्यावी. लशीचा दाखला म्हणून मिळणारं पिवळं कार्ड लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. परततानाही ते हातातल्या पिशवीत ठेवावं. नसेल तर विमानतळावर अडवून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.