तिसऱ्या आठवड्यातली कॅम्पर व्हॅन

पहिल्या आठवड्यात कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीत, सगळंच गोड लागतं. मागचं दार उघडलं की समोर तळं, शेगडीवर चहा, आणि कुठे पोचायची घाई नाही. हे सुख खरंच असतं, नुसतं फोटोपुरतं नाही. पण दोन-तीन महिन्यांच्या प्रवासात गाडी खरी कळते ती तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. बॅटरी पहिल्यासारखी टिकत नाही, गादीला कुबट वास येतो, मागून कुठूनतरी खडखड सुरू होते. ही दुखणी अचानक उपटली असं वाटतं, पण ती पहिल्या रात्रीपासून साचत आलेली असतात.

आधी वीज, कारण कुरबुरी बहुधा तिथूनच सुरू होतात. कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर घेतो. चाळीस टक्के वेळ तो चालतो असं धरलं तर दिवसाला ३६ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर घेतला की एक अँपिअर-तास). रात्रभर छताचा पंखा, दिवे, पाण्याचा पंप आणि दोन फोन मिळून आणखी २०-२५. म्हणजे ६०च्या आसपास. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, त्यामुळे एका बॅटरीवर पूर्ण दिवसही निघत नाही. तेवढ्याच लिथियम बॅटरीतून ८०-९० काढता येतात. छतावर सपाट बसवलेलं २०० वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात ५०-६० परत देतं. ढगाळ दिवशी १०-१५ मिळाले तरी पुष्कळ. सावलीत गाडी लावली तर आत गार राहतं, फ्रिज कमी चालतो, पण पॅनेल उपाशी. या तिढ्याला पक्कं उत्तर नाही. तारेने जोडलेलं, उन्हात बाहेर मांडता येणारं एक सुटं पॅनेल मात्र बरंच काम भागवतं.

इथवरचा हिशेब बहुतेक जण निघण्यापूर्वीच करतात. चुकतं ते पुढे. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी लवकर भरते, उरलेल्या २० टक्क्यांना मात्र कित्येक तास लागतात. रोज दोन तास गाडी चालवली तर ती रोज अर्धवटच भरते. हे आठवडेच्या आठवडे चाललं की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. म्हणून आठवड्यातून एक मुक्काम वीजजोडणी असलेल्या जागी करून चार्जर रात्रभर लावावा. लिथियमला हा जाच नाही. तिला शून्य अंशाखाली चार्ज करायचं नाही, एवढं पथ्य.

आणि तो प्रसिद्ध घोटाळा: बॅटरी ठीक दिसते, तरी फ्रिज पहाटे बंद. इथे बॅटरी बदलण्याआधी वायर बघावी. बॅटरीपासून फ्रिज सहा मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन वायर झाली बारा मीटर. ती १ चौरस मिलिमीटर जाडीची असली तर चार अँपिअरला जवळजवळ ०.८ व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरीवर १२.२ असताना फ्रिजपाशी ११.४ उरतात, कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहूनही कमी, आणि फ्रिजची संरक्षण यंत्रणा त्याला बंद करते. वायर ४ चौरस मिलिमीटरची टाकली की हीच गळती ०.२ व्होल्टवर येते. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, फ्रिजच्या प्लगपाशी लावून, फ्रिज चालू असतानाच मोजायचं. बंद असताना मोजलं तर सगळं आलबेलच दिसणार. लायटरच्या सॉकेटमध्ये फ्रिजचा प्लग खुपसणं हीदेखील अर्धी चूकच. हादऱ्यांनी तो सैल होतो आणि तापतो.

आता ओल. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. त्यात एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते, म्हणजे बंद खिडक्यांत केलेला स्वयंपाक भिंतींवर टिपूस होऊन उतरतो. थंडी वाजते म्हणून खिडक्या गच्च लावणं हीच चूक. खाली एक फट आणि वर पंखा मंद, अशी हवेला वाट हवी. सकाळी गादी उभी करून बघा: खालच्या फळीवर हात फिरवला आणि तळवा ओला झाला तर पंधरा दिवसांत तिथे काळे ठिपके येणार. फळीऐवजी पट्ट्यांचा तळ किंवा गादीखाली जाळी घातली की हवा खेळते. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही. त्यातून ओल तर वाढतेच, कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो. त्या वायूचा अलार्म झोपण्याच्या उंचीवर आणि गॅसगळतीचा जमिनीलगत हवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. डिझेल हीटर सतत मंद ठेवला की आत काजळी धरते. अधूनमधून त्याला अर्धा तास पूर्ण क्षमतेने चालवावं.

वजनाकडे फारसं कुणी बघत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, वर सायकली, अवजारं, छतावरची पेटी. पाणी, डिझेल आणि माणसांसकट गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या जोडीवरचा, भार वेगवेगळा मोजावा. मागच्या चाकांच्याही मागे भार लटकला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. हवेचा दाब टायर गार असताना, भारानुसार. टायरच्या बाजूवरच्या DOT क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचावेत: ३५२१ असेल तर तो २०२१च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर भारलेल्या गाडीखाली दगा देतं. घाट उतरताना गिअर खालचा ठेवावा. ब्रेक सतत दाबून उतरलं की ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. चाक काढून बसवलं असेल तर ५०-१०० किलोमीटरवर नट पुन्हा टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासायचे.

पाण्याचं थोडक्यात. पिणं, स्वयंपाक, भांडी एवढ्यासाठी दोघांना दिवसाला १५-२० लिटर पुरतात. अंघोळीचं वेगळं. सगळे नळ बंद असताना पंप मध्येच सेकंदभर घुरघुरला तर कुठेतरी जोड पाझरतोय. फरशीखालचं लाकूड कुजण्याआधी शोधा. सांडपाण्याची टाकी उन्हात दोन दिवस ठेवलीत तर वास स्वतःच आठवण करून देईल.

माणसांचंही दमणं साचतंच. नकाशावर चार तास दिसले की व्हॅनला साडेपाच धरावेत. दिवसाला तीन-चार तास चालवणं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी न हलवणं, हा ठेका लांब पल्ल्याला टिकतो. मुक्कामाला उजेडात पोचावं. अंधारात ना उतार कळतो, ना चिखल. ज्याने दिवसभर चालवलं त्याला स्वयंपाक नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवलेलं बरं. व्हॅनमध्ये रुसून जायला दुसरी खोली नसते.

झोपताना डोकं चढाच्या बाजूला येईल अशी गाडी लावावी, जमलं तर गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे. आणि सकाळी निघताना एक फेरी: विजेची केबल, पायरी, छताची झडप, गॅसचा कॉक, फ्रिजच्या दाराची कडी. कडी राहिली तर पहिल्याच वळणावर दही जमिनीवर.